‘टेक्निकल ग्राउंडवर सुटला’ : निकालपत्रांचा नाद आणि ताईमहाराज प्रकरण



१७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवसापासून सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं आता इथं चालतात. त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन झालं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमच्यातले काही जण त्यात होतेच. आजचा माझा विषय मात्र आंदोलनाचा नाही. बेंच आल्यापासून गावात एक जमात ठळकपणे दिसायला लागली आहे, तिच्याविषयी मला बोलायचं आहे.

ही माणसं वकील नसतात. त्यांची स्वतःची केसही चालू नसते. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतले, कुणी तलाठी म्हणून नोकरी केलेले. पण निकाल लागला की मोबाईलवर निकालपत्र उतरवून घेतात, चहाच्या टेबलावर त्यातले परिच्छेद क्रमांकासकट सांगतात. ‘मेरिटवर गेलेच नाहीत हो, लिमिटेशनवरच उडवलं,’ अशी यांची भाषा. कुस्तीचा शौकीन जसा कोण जिंकलं यापेक्षा डाव कुठला लागला हे सांगण्यात रंगतो, तसं यांचं असतं. कायद्याचा हा एक नादच आहे, आणि कोल्हापूरला नाद नवीन नाही. (हशा)

या मंडळींचा सध्याचा आवडता वाद घ्या. सर्किट बेंच म्हणजे खंडपीठ की नाही? बाहेरच्याला वाटेल, नावात काय आहे! पण फरक कायद्यातच आहे. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१. त्याच्या दुसऱ्या उपकलमाखाली राष्ट्रपती कायमचं खंडपीठ स्थापन करू शकतात. तिसऱ्या उपकलमाखाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं मुख्य ठिकाणाखेरीज इतर जागी न्यायाधीश बसवू शकतात. कोल्हापूरची अधिसूचना या तिसऱ्या उपकलमाखालची आहे. लगेच पुढचा प्रश्न येतो की हे पक्कं की कच्चं? त्याला उत्तर म्हणून आपले शौकीन औरंगाबादचा दाखला देतात. तिथं १९८१ साली याच तिसऱ्या उपकलमाखाली न्यायाधीश बसायला लागले, त्याला आव्हान दिलं गेलं, आणि १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं ती व्यवस्था वैध ठरवली. कायम खंडपीठ तिथं नंतर झालं. म्हणजे एका उपकलमाच्या आकड्यात आपल्या गावाचं भवितव्य गुंतलेलं आहे. हा वाद चहाच्या कपातला असला तरी पोकळ नाही.

तरीही एक गोष्ट मला खटकते. ‘तांत्रिक मुद्दा’ हा शब्द आपण दोन अगदी उलट अर्थांनी वापरतो. आपल्या बाजूनं निकाल लागला की ‘काय बारीक मुद्दा काढला!’ आणि विरुद्ध लागला की ‘टेक्निकल ग्राउंडवर सुटला’. दुसऱ्या वाक्यात गृहीत असं आहे की न्याय एकीकडे असतो आणि तांत्रिक मुद्दा त्याला चुकवून जाण्याची पळवाट असते. हे गृहीत कितपत खरं आहे, ते एका जुन्या खटल्याच्या आधारानं तपासू या. हा खटला पुण्याचा, औरंगाबादचा, लंडनचा, आणि तितकाच कोल्हापूरचा आहे.

त्याआधी थोडं मागं जावं लागेल. शब्दांचा असा कीस काढणं इंग्रजांनी आपल्याला शिकवलं, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पूर्वमीमांसा नावाचं आपलं अख्खं दर्शन वाक्याचा अर्थ कसा लावायचा यावर उभं आहे. धर्मशास्त्राचे निबंधकार तीच हत्यारं वापरत. उदाहरण दत्तकाचं देतो, कारण पुढं तेच लागणार आहे. वसिष्ठाच्या धर्मसूत्रात अशा अर्थाचं वचन आहे की नवऱ्याच्या अनुमतीखेरीज स्त्रीनं मुलगा देऊ नये आणि घेऊ नये. वाक्य एवढंच. आता नवरा वारला असेल तर काय?

मिथिलेच्या पंडितांनी म्हटलं, अनुमती दत्तक घेतानाच हवी; नवरा नाही म्हणजे अनुमती नाही, म्हणून विधवेला दत्तक नाही. बंगालनं म्हटलं, नवऱ्यानं हयातीत अनुमती देऊन ठेवली असेल तर ती नंतर वापरता येते. दक्षिणेत म्हटलं, नवरा नसेल तर त्याच्या सपिंडांची संमती चालेल. आणि आपल्याकडं, म्हणजे नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख जिथं प्रमाण, तिथं म्हटलं की हे वचन जिचा नवरा जिवंत आहे तिच्यापुरतं आहे; विधवेला त्याची अडचण नाही. रामनाडच्या जमीनदारीच्या दाव्यात १८६८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं हे चारही अर्थ एकापुढे एक मांडून दाखवले. एका ओळीचे चार अर्थ, आणि त्या अर्थांवर हजारो बायकांची आयुष्यं. आता सांगा, हा तांत्रिक मुद्दा की न्यायाचा?

आता खटल्याकडं येऊ.

पुण्यातले पहिल्या दर्जाचे सरदार बाबामहाराज पंडित. घराणं मूळ कोल्हापूरशी जोडलेलं, इथंही मोठी मालमत्ता. ऑगस्ट १८९७ मध्ये ते कॉलऱ्यानं गेले. जाण्याआधी मृत्युपत्र केलं आणि व्यवस्थेसाठी पंच नेमले. त्यात लोकमान्य टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. मागं राहिली तरुण पत्नी ताईमहाराज, विशीही न गाठलेली आणि त्या वेळी गरोदर. मृत्युपत्राचा आशय असा, की मुलगा झाला नाही, किंवा होऊन वारला, तर पंचांच्या सल्ल्यानं दत्तक घ्यावा. १८९८ च्या सुरुवातीला मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत गेला.

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताईमहाराज औरंगाबादला गेले. तिथं घराण्याच्या एका शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा निवडण्यात आला. टिळकपक्षाचं म्हणणं असं, की २८ जूनला मुलगा रीतसर दिला-घेतला गेला. परत आल्यावर ताईमहाराजांचं मन फिरलं. त्यांनी सांगितलं, दत्तक झालेलाच नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापुरात येऊन इथल्या शाखेतले बाळामहाराज यांना दत्तक घेतलं, आणि त्याला शाहू छत्रपतींच्या दरबारची मान्यता होती. ही वर्षं आठवा. वेदोक्ताचा वाद पेटलेला होता, राजोपाध्यांच्या वतनावर १९०२ साली जप्ती आली, आणि ‘केसरी’ व दरबार समोरासमोर उभे होते. अशा हवेत एका विधवेचं दत्तकविधान घरगुती राहणं शक्यच नव्हतं.

पुढचा क्रम शौकिनांना पाठ असतो, तरी सांगतो. ताईमहाराजांनी मृत्युपत्राचं प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. एप्रिल १९०२ मध्ये पुण्याचे न्यायाधीश अॅस्टन यांनी ते रद्द केलं आणि टिळकांवर फौजदारी कारवाईचा रस्ता उघडला. प्रोबेटचा हुकूम हायकोर्टानं फिरवला, पण फौजदारी चालूच राहिली. आरोप खोट्या साक्षीचा : औरंगाबादला दत्तक झाला असं टिळकांनी शपथेवर खोटं सांगितलं. ऑगस्ट १९०३ मध्ये खास मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. सेशन्स कोर्टानं दोष कायम ठेवून शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स यांच्या पीठानं टिळकांना निर्दोष सोडलं.

दिवाणी दावा वेगळ्या वाटेनं चालला. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टानं औरंगाबादचा दत्तक खरा मानला. १९१० मध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना मुंबई हायकोर्टानं तो निकाल उलटवला. नुसतं ‘दत्तक सिद्ध झाला नाही’ एवढंच म्हटलं असतं तर गोष्ट निराळी. त्या निकालाचा रोख असा होता की टिळक आणि त्यांचे सहकारी संगनमतानं खोटं बोलले. मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं हायकोर्टाचा निकाल रद्द केला आणि पुण्याच्या कोर्टाचा निकाल कायम केला.

इथं थांबू या. प्रिव्ही कौन्सिलनं हायकोर्टाच्या कुठल्या गोष्टीवर बोट ठेवलं? टिळक थोर देशभक्त आहेत, यावर नाही. लंडनच्या न्यायाधीशांना त्याच्याशी काय देणंघेणं? मुद्दा असा होता. आधीच्या प्रकरणांतल्या जबान्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा दिवाणी दाव्यात दाखल झाला होता. साक्षीदार पिंजऱ्यात असताना ‘तुम्ही पूर्वी असं म्हणाला होतात, आज असं म्हणता, हे कसं?’ असं त्यांना विचारलं गेलं नाही. आणि तरी त्याच जुन्या कागदांच्या बळावर त्यांना खोटं ठरवण्यात आलं. लॉर्ड शॉ यांनी निकालात जे म्हटलं त्याचा सारांश असा, की एखाद्याच्या विरुद्ध त्याचाच जुना कागद वापरायचा असेल, तर तो आधी त्याच्यापुढं ठेवला पाहिजे आणि खुलासा करण्याची संधी त्याला दिली पाहिजे.

१८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १४५ हेच सांगतं. टिळकांचा हा निकाल त्या कलमासाठी आजही दाखवला जातो. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तिथं हे कलम १४८ आहे. या सहा जिल्ह्यांतल्या एखाद्या तालुका कोर्टात नवशिका वकील उलटतपासणीत साक्षीदारासमोर जुना जबाब धरतो, तेव्हा तो ताईमहाराज प्रकरणातच उभा असतो. त्याला ते माहीत असो वा नसो.

हा मुद्दा तांत्रिक आहे का? शंभर टक्के. पण त्याच्या आत काय आहे ते पाहा. माणसाला त्याच्या पाठीमागं दोषी ठरवू नका, एवढंच. आपण घरातसुद्धा हे पाळत नाही. कुणाचा तरी जुना मेसेज दाखवून ‘बघा, हा असा आहे’ म्हणतो आणि त्या माणसाला विचारत नाही. टिळकांविषयी सरकारचं मत वाईट होतं, दरबारचं वाईट होतं, अनेक न्यायाधीशांचंही वाईट होतं. मतांच्या त्या लोंढ्यापुढं त्यांना तारलं ते एका कोरड्या कलमानं. ज्याच्या बाजूनं लोकमत आहे त्याला तांत्रिक मुद्द्याची फारशी गरज पडत नाही. ती नावडत्या माणसाला पडते. उद्या आपल्याला नावडणारा माणूस अशाच मुद्द्यावर सुटेल, तेव्हाही हे आठवावं लागेल.

टिळकांना स्वतःला या नादाचं वेड होतं. १८७९ चे ते एलएल. बी. पुढं पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्गही चालवला. १९१५ सालीच ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झालं. त्याच्या पहिल्या प्रकरणात गीतेचं तात्पर्य ठरवायला ते मीमांसकांच्या कसोट्या घेतात : उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. सुरुवात काय आहे, शेवट कशात आहे, पुन्हा पुन्हा काय सांगितलं, नवीन काय सांगितलं, त्यातून निघालं काय. हीच यादी घेऊन एखादं निकालपत्र वाचून पाहा, चपखल बसते. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला वाटतं की निकालपत्राची मोहिनी इथं आहे. सत्तेचे बाकीचे हुकूम ‘असं करा’ म्हणून थांबतात. निकालपत्राला ‘का’ ते सांगावं लागतं, आणि हरणाऱ्याचं म्हणणं आधी मांडून मग खोडावं लागतं. पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. सामान्य माणसाला सत्तेकडून कारण ऐकायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. म्हणून तो निकालपत्र वाचतो, आणि त्यानं वाचावं.

आता दुसरी बाजू. मघाशी मी खटल्याचा क्रम सांगितला : १९०१, १९०२, १९०३, १९०४, १९०६, १९१०, १९१५. तुमच्यापैकी किती जणांच्या मनात आलं की ताईमहाराजांचं पुढं काय झालं?

ताईमहाराज १९०३ सालीच वारल्या. खटला त्यांच्या नावानं ओळखला जातो, आणि त्याचा बहुतेक भाग त्यांच्या पश्चात चालला. पंधरा-सोळाव्या वर्षी गरोदरपणात वैधव्य, तान्हं मूल गेलेलं, घरात पंच, बाहेर कारभारी, मागं दरबार, पुढं कोर्ट. ही बाई खरं बोलली की खोटं, यावर चार कोर्टांनी मतं दिली. तिला कोण हवं होतं, ती कुणाला भीत होती, दोन्ही बाजूंनी तिच्यावर किती दाब होता, हा वादाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता २८ जूनला औरंगाबादला मूल दिलं-घेतलं गेलं की नाही.

कायद्याला त्याचं कारणही आहे, ते नाकारू नका. एकदा पूर्ण झालेला दत्तक आईचं मन फिरलं म्हणून मोडता येत नाही, कारण तिथं दुसरा एक जीव आहे. त्या मुलाचे हक्क आईच्या मर्जीवर टांगता येत नाहीत. नियम योग्यच आहे. पण नियम योग्य असला तरी त्यानं झाकलेलं माणूस दिसेनासं होतं, हेही तितकंच खरं. ताईमहाराज प्रकरणावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि बहुतेकांना उत्सुकता आहे ती टिळक जिंकले की शाहू महाराज, याची. आपले कोल्हापूरकर आणि पुणेकर अजूनही त्यावर भांडतात. ती बाई मात्र शीर्षकात राहिली.

आणि जिंकले तरी काय? प्रिव्ही कौन्सिलचा हुकूम ब्रिटिश मुलखातला. कोल्हापूर संस्थान, इथली कोर्टं वेगळी, इथं तो हुकूम आपोआप चालत नव्हता. वाद संपला नाही. जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईला गेले ते याच प्रकरणाच्या कामासाठी. तिथंच तापानं आजारी पडले आणि १ ऑगस्टला सरदारगृहात वारले. एकोणीस वर्षं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हा तर शहाण्यांतला शहाणा, पण आयुष्याच्या शेवटच्या महिन्यापर्यंत त्याच पायरीवर.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे : ‘मग तांत्रिक मुद्द्यावर मिळालेला न्याय पुरेसा मानायचा का?’ चांगला प्रश्न आहे. त्याला महाडचं उदाहरण देतो.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. काही स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला : तळं आमचं खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची अनादी रूढी आहे. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर, कायद्याच्या बारकाव्यात कुणाला हार जाणारे नव्हेत. दहा वर्षं दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आला, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचा. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली. निकाल आंबेडकरांच्या बाजूनं लागला. कशावर? तळं नगरपालिकेचं आहे, आणि रूढी कायद्याला हवी तितकी प्राचीन असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही.

नीट ऐका. माणूस म्हणून सर्वांना पाण्याचा सारखा हक्क आहे, असं कोर्ट म्हणालं नाही. रूढी शाबीत झाली नाही, म्हणून वादी हरले. समजा, त्यांच्याकडं दोन-तीनशे वर्षांची कागदपत्रं निघाली असती तर? शौकीन माणसाला हा निकाल सुंदर वाटेल : पुराव्याचा भार कुणावर, रूढीच्या कसोट्या काय. पण ज्याला तहान आहे त्यानं दुसऱ्याच्या दप्तरात जुना कागद सापडू नये यावर भरवसा ठेवायचा का? याचं उत्तर आंबेडकरांनी पुढल्या निकालासाठी ठेवलं नाही. राज्यघटनेत अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तळी, घाट ही नावं घालून ते लिहिलं गेलं, आणि अनुच्छेद १७ नं अस्पृश्यताच रद्द केली. आता रूढी किती जुनी हा प्रश्नच उरला नाही. चिठ्ठीला माझं उत्तर हे, की तांत्रिक मुद्दा आजचा माणूस वाचवतो, पण उद्याचा प्रश्न सोडवत नाही. तो सोडवायला कायदा बदलावा लागतो, आणि ते काम कोर्टाचं नाही, आपलं आहे.

शेवटी या नादाच्या मंडळींना तीन विनंत्या करतो. निकालपत्र उघडलं की आधी हकीकत वाचा, कायदा नंतर. माणसं हकीकतीत असतात, कायद्याच्या भागात त्यांचे ‘वादी क्रमांक दोन’ होतात. दुसरं, कोर्टानं काय ठरवलं याबरोबर काय ठरवायचं टाळलं तेही शोधा. आणि तिसरं, ‘टेक्निकल ग्राउंडवर सुटला’ असं म्हणण्याआधी तो मुद्दा कुणाला वाचवण्यासाठी कायद्यात आला होता, ते पाहा.

समोरच्या इमारतीत आता रोज निकाल लागणार आहेत. पूर्वी कणकवलीची विधवा, सांगोल्याचा कूळ, शाहूवाडीचा धरणग्रस्त यांना तारीख ऐकायला मुंबई गाठावी लागायची; आता ते इथं एसटी स्टँडवर उतरतील. तुम्ही त्यांची निकालपत्रं वाचाल, मुद्द्यांवर वाद घालाल, घालाच. फक्त पुढच्या वेळी चहाच्या टेबलावर परिच्छेद क्रमांक सांगून झाला की त्या माणसाचं नाव आणि गावही सांगा.

इथं थांबतो.